मी नापासाच्या बाजूने होते

पाचवी आणि आठवीत मुलांना नापास करण्याची तरतूद परत आणा, अशी मागणी करणाऱ्या निवेदनांवर माझ्या सह्या आहेत. संघटनेचा माणूस कागद घेऊन स्टाफरूममध्ये आला की पहिली सही बहुधा माझीच असायची. भिडेखातर केलेल्या त्या सह्या नव्हत्या. मजकूर मिळमिळीत वाटला तर मी तो दुरुस्त करून द्यायची. ‘ढकलपास’ हा शब्द ठळक अक्षरांत घाला, असंही सुचवलेलं आठवतं. अलीकडे तालुक्यातल्या शिक्षकांच्या एका मेळाव्यात याच विषयावर बोलायला या, असा फोन आला. मी नको म्हणाले. पलीकडचे सर गोंधळले. “मॅडम, तुम्हीच तर कायम बोलत होतात की!” बोलत होते, खरं आहे. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी गणित शिकवते. शाळा पाचवी ते दहावीची, अनुदानित. पाथर्डी-शेवगावचा कोरडवाहू पट्टा. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि शिमगा-पाडव्याच्या सुमारास परततात. मुलं चौथीपर्यंत गावच्या आणि वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात, पाचवीला आमच्याकडे येतात. म्हणजे आमच्या हाती मूल पडतं ते वाचता-लिहिता येणारं, बेरीज-वजाबाकी येणारं, असं गृहीत धरून. आमची सगळी चिडचिड तिथून सुरू होते. कॉलेजवाले आम्हाला नावं ठेवतात, आम्ही प्राथमिकच्या गुरुजींना, आणि गुरुजी बिचारे पालकांना. पालकांना नावं ठेवायला खाली कुणी उरत नाही, म्हणून ते गप्प बसतात.

माझं जुनं मत काय होतं, ते आधी त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडते. आजही ते मला खुळचट वाटत नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला बंदी केली. त्याच्या जोडीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित असे दोन भाग, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगली होती. मूल कुठे अडलं ते वर्षभर बघत राहायचं आणि तिथल्या तिथे सोडवायचं. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं दुकानात मिळू लागली. ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य पन्नास मुलांपुढे उतरवून काढलं की काम झालं. मूल अडलेलं आहे हे कागदावर कुठेच दिसत नसे. ते पुढे सरकत राही. नववीत येई, आणि मी फळ्यावर बैजिक राशींचा गुणाकार करत असताना ते सात आठे किती इथे थांबलेलं असे.

मग आमच्याकडे नववीत चाळणी लागायची. शाळेचा दहावीचा निकाल किती टक्के, हे संस्थेच्या बैठकीत विचारतात. नववीचा कुणी विचारत नाही. त्यामुळे दहावीला टिकणार नाही असं वाटणारं मूल नववीतच थांबवायचं, किंवा त्याच्या वडिलांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवायचं, ही अनेक शाळांची रीत. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचं. शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. माझं म्हणणं असं की, नववीत अचानक कोसळण्यापेक्षा पाचवीत कळलेलं काय वाईट? वेळेवर कळलं तर वेळेवर दुरुस्ती होईल. शिवाय थोडी भीती हवीच. आम्हीही भीतीनेच पाढे पाठ केले. २०१९ च्या जानेवारीत संसदेने कायदा बदलला आणि पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी देऊन, मग नापास करायचं की नाही हे राज्यांवर सोपवलं, तेव्हा मला वाटलं, चला, कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. आता राज्य कधी अमलात आणतं याची वाट बघायची.

राज्याने काही ठरवायच्या आत कोरोना आला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, सगळे पुढच्या वर्गात. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी तेच. जानेवारी २०२१ च्या अखेरीला पाचवी ते आठवीचे वर्ग काही ठिकाणी जेमतेम उघडले, तोवर दुसरी लाट आली आणि एप्रिलमध्ये पुन्हा सगळ्यांना वर चढवलं. त्या वर्षी दहावीची परीक्षाही झाली नाही. नववीच्या गुणांचा आधार घेऊन आणि अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. राहिलेल्या त्या पाच शतांशांत कोण असेल, याची मला अजून उत्सुकता आहे. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, आणि पहिली ते चौथीचे १ डिसेंबरला. जानेवारीत ओमायक्रॉनने पुन्हा कुलूप. नेहमीसारखं वर्ष सुरू झालं ते थेट जून २०२२ मध्ये.

दोन वर्षं राज्यात आठवीपर्यंतच्या एकाही मुलाला परीक्षेची भीती नव्हती. माझं मत खरं असतं, तर सगळ्यांचं नुकसान साधारण सारखं व्हायला हवं होतं, कारण धाक सगळ्यांचाच सुटला होता. तसं झालं नाही. दुकानदाराची, शिक्षकाची, ग्रामसेवकाची मुलं थोडी मागे पडली, थोडी पुढेही गेली. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर फडावर, त्या घरातली मुलं अक्षरं विसरून आली. दोघांच्या डोक्यावरून परीक्षा सारखीच उठली होती. फरक पडला तो घरात दिवसाकाठी तासभर पोराजवळ बसायला कुणी होतं की नव्हतं, याने. हे मला सुचलं नाही, ते समोर येऊन बसलं. वर्गात.

त्या काळात आम्ही काही केलं नाही असं नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला रोज मोबाइलवर यायची, ती आम्ही गटावर पुढे पाठवायचो. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. ती चांगली होती, टीव्ही असलेल्या घरांत मुलं बघायची. आम्ही गृहभेटी दिल्या, मास्क लावून पारावर बसून स्वाध्याय तपासले. पण गटावर निळ्या खुणा दिसल्या की शिकवणं झालं, असं म्हणण्याची सवय आम्हालाही लागली. त्याच गावात बारावीत शिकणारी एक मुलगी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आळीतली पोरं गोळा करून बसायची. तिला ना अभ्यासमाला ठाऊक, ना अध्ययन निष्पत्ती. ज्याला अक्षरं येत नाहीत त्याला अक्षरं, ज्याला वाचता येतं त्याच्याकडून लहानग्यांना गोष्ट वाचून घ्यायची. तिच्या आळीतली मुलं आमच्याकडे पाचवीला आली तेव्हा ओळखू यायची. ती कुठल्या परीक्षेला घाबरून शिकली नव्हती.

जून २०२२ मध्ये पाचवीच्या वर्गावर गेले. सेतू अभ्यासक्रम झाला होता, कागदोपत्री. मुलं बाकावर बसत नव्हती, सारखी उठत होती. लिहिताना हात दुखतो म्हणून पेन खाली ठेवत होती. फळ्यावरची दोन ओळींची तारीख-वार उतरवायला काहींना तासिकेचा निम्मा वेळ लागायचा. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की ३६ लिहिणारी मुलं मी पूर्वीही पाहिली होती, पण ती दोन-चार असायची. शिवाय एक नवाच प्रकार होता. फी परवडेना म्हणून इंग्रजी शाळा सोडून आलेली मुलं. त्यांना रंगांची, फळांची, प्राण्यांची इंग्रजी नावं घडाघडा यायची, आणि मराठी पुस्तकातलं एक जोडाक्षर फुटत नसे. मी अपूर्णांक काढले. कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटेना.

वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी एकदा दाखले द्यायला आले होते. मी त्यांना जरा खवचटपणेच विचारलं, की चौथीपर्यंत नेमकं काय शिकवलंत? ते चिडले नाहीत. पिशवीतून एक कागद काढून दिला. चार कोपऱ्यांत अक्षरं, शब्द, एक छोटा उतारा आणि एक गोष्ट. मागच्या बाजूला अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. ‘प्रथम’ संस्थेच्या पाहण्यांत वापरतात तसला. “एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावा मॅडम. वर्गात एकदम विचारलं की सगळ्यांनाच येतं.” हा कागद मला नवा नव्हता. प्रशिक्षणात पाहिला होता, आणि तो प्राथमिकचा म्हणून बाजूला ठेवला होता.

एकेकाला जवळ घेतलं. पाचवीच्या वर्गात गोष्ट वाचणारी मुलं निम्मीही नव्हती. सहावी-सातवीत चित्र फारसं वेगळं नव्हतं, आणि ती मुलं कोरोनाच्या आधी चांगली तीन-चार वर्षं शाळेत बसून गेलेली होती. सातवीतला एक उंचापुरा मुलगा, कबड्डीत तालुक्याला खेळलेला, ‘शब्द’ या कोपऱ्यावर अडला. त्याने मला विचारलं, “बाई, ह्ये कुणाला दाखवणारेय का?” मी नाही म्हटलं.

मग मुख्याध्यापकांच्या मागे लागून पहिली तासिका मागून घेतली. पाचवी, सहावी, सातवीच्या मुलांची इयत्ता मोडायची आणि ज्याला जे येतं त्यानुसार गटात बसवायचं, एवढंच. मला भीती होती ती मोठ्या मुलांच्या लाजेची. सातवीतला मुलगा पाचवीतल्यांच्या शेजारी कसा बसेल? लाज वाटली, नाही असं नाही. पण रोज चारचौघांत काही न कळता बसण्याची जी लाज त्याला आधीपासून होती, तिच्यापेक्षा ही कमी असावी. आठवड्याभरात तो लहान्यांना काड्यांचे गठ्ठे बांधून द्यायला लागला. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक, वजाबाकीला सुटे पुरले नाहीत की गठ्ठा सोडायचा. हातचा म्हणजे काय हे त्याला बारा वर्षांच्या वयात तेव्हा कळलं. त्यानंतर भागाकारापर्यंत जायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण तो बारा वर्षांचा होता. सात वर्षांच्या मुलाला दुसरीत जे शिकायला वर्ष लागतं, ते मोठ्या मुलाला काही आठवड्यांत येऊ शकतं. हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत माहीत नव्हतं. माहीत होण्याचं कारणच नव्हतं. मी त्याला दुसरीचं कधी शिकवलंच नव्हतं.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा मुंबईच्या महापालिका शाळांतल्या ‘बालसखी’ प्रयोगाबद्दल वर्तमानपत्रांत आलं होतं. मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून त्यांच्या पातळीवरून शिकवायचं, याबद्दलचाच तो अभ्यास. मी ते वाचलं होतं, आणि एखादा परदेशी पुरस्कार आपल्या गरिबीवर मिळतो याबद्दल स्टाफरूममध्ये दोन वाक्यं टाकली होती. बाकी काही नाही.

माझं मत फिरलं ते कबड्डीवाल्या मुलामुळे, पण त्याची प्रगती पाहून नव्हे. एक साधा हिशेब मनात आला म्हणून. समजा माझ्या निवेदनाप्रमाणे सगळं झालं असतं आणि हा मुलगा पाचवीत नापास झाला असता. जूनमध्ये तो पुन्हा पाचवीत बसला असता. त्याच्यापुढे पुन्हा पाचवीचंच पुस्तक, त्यातले तेच अपूर्णांक. त्याला हवी होती दुसरी, आणि मी त्याला पाचवी दुसऱ्यांदा देणार होते. वेळेवर कळलं तर वेळेवर दुरुस्ती होईल, या माझ्या वाक्यात दुरुस्ती कोण करणार हे लिहिलेलंच नव्हतं. मी मनोमन धरलं होतं की नापास हा शिक्काच ती करेल.

त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण, न झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही न झाल्यास त्याच वर्गात. स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढे आणले. मीही खाल्ला. संध्याकाळी घरी हजेरीपटांची बेरीज करताना जन्मतारखांच्या रकान्यावर नजर गेली आणि सहज वर्षं मोजली. जून २०२० मध्ये पहिलीला नाव घातलेलं मूल घ्या. पहिलीचं अख्खं वर्ष त्याने वर्ग पाहिला नाही. दुसरीत त्याची शाळा डिसेंबरात उघडली आणि जानेवारीत परत बंद झाली. ‘अ आ ई’ आणि एक ते शंभर शिकण्याचा काळ तो हाच. हे मूल पाचवीला कधी? २०२४-२५ मध्ये. नापास करणाऱ्या परीक्षेचं ते दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये पाचवीची परीक्षा दिली त्यांची पहिली मार्चमध्येच तुटली होती आणि दुसरी पूर्ण बुडाली होती. त्या वर्षी आठवीला बसलेली मुलं टाळेबंदीत चौथी-पाचवीत होती. राज्याने परीक्षेसाठी ही मुलं मुद्दाम निवडली नाहीत, हे उघड आहे. वर्षंच तशी जुळली. पण इतक्या वर्षांच्या मागणीनंतर जी चाळणी आली, तिच्याखाली नेमकी तीच मुलं येऊन उभी राहिली ज्यांच्याकडून शाळेने पायाच काढून घेतला होता.

पहिल्या परीक्षेच्या आधी आम्ही पालकांची सभा घेतली. नियम समजावून सांगितले. एक आजी मागे बसून होती. मुलगा-सून कारखान्यावर, नातू तिच्यापाशी. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. “बाई, नापास झालं म्हंजी त्याचा बाप म्हणंल, चल मंग कोयत्याला, हितं काय करतो. पुढं तरी ढकला त्याला. शाळंत हाय तवर हाय.” ‘ढकला’ हा शब्द तिने वापरला. आम्ही ज्याला शिवी म्हणून वापरत होतो, ते ती मागून घेत होती. मी तिला नापासाचे फायदे समजावले नाहीत. नववीत नापास झालेल्यांपैकी किती मुलं जूनमध्ये परत येतात, ते मला आकड्यांशिवायही माहीत होतं. मुलगी असेल तर पुढच्या लग्नसराईत तिची पत्रिका येते. कोरोनाच्या दोन वर्षांत तशा पत्रिका वाढल्या होत्या, कारण घराच्या बाहेर पाऊल टाकायला मुलीजवळ जे एक कारण होतं, तेच बंद पडलं होतं.

परीक्षा झाली. काय झालं म्हणता? झालं काहीच नाही. पेपर शाळेनेच काढायचा, शाळेनेच तपासायचा. सवलतीचे गुण आहेत. त्यातूनही राहिला तर पुनर्परीक्षा. कुठला शिक्षक आपल्या वर्गातली मुलं मागे ठेवून पुढच्या वर्षीचं उत्तरदायित्व ओढवून घेईल? मार्च महिन्यात सगळीकडे तयारी चालते. ठरावीक दहा उत्तरं, ठरावीक गणितं, तीच पेपरात. पस्तीस टक्के पडतात. पूर्वी मूल न शिकता वर जायचं, आता न शिकता उत्तीर्ण होऊन जातं. पूर्वी निदान प्रगतिपुस्तक गप्प होतं. आता ते सांगतं की याला येतं. अर्थात एखादी शाळा कडक निघाली आणि तिने खरोखर नापास केलं, तर ते मूल बहुधा आजीच्या नातवासारखं, नाहीतर त्याच्या बापाबरोबर फडावरून एप्रिलात परतलेलं असणार. म्हणजे नियम नीट पाळला तर सगळ्यात दुबळं मूल गळणार, आणि वाकवला तर पुन्हा ढकलपासच. मला यातून तिसरी वाट दिसली नाही.

या सगळ्याचा दोष कोरोनाच्या खात्यावर टाकण्याची सोय होती, ती ‘असर’च्या आकड्यांनी घालवली. घरोघर जाऊन ग्रामीण मुलांचं वाचन तपासणारी ही पाहणी. तिसरीतली किती मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात? देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर घसरलं आणि मग ४८.८ वर आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झाले, भरून आलं म्हणून. मग पहिला आकडा पुन्हा वाचला. कोरोना यायच्या आधी, शाळा रोज भरत असताना, तिसरीतल्या चारांतल्या साधारण तिघांना दुसरीचं वाचता येत नव्हतं. आम्ही ज्याला ‘पूर्वीसारखं’ म्हणत होतो ते हे होतं. महामारीने मुलांचं नुकसान केलं, यात शंका नाही. पण निम्मं नुकसान आमच्या दप्तरात आधीपासून होतं, आणि त्याला आम्ही पाचवीतला हुशार, मध्यम, ढ असं नाव देऊन बसलो होतो. आणखी एक गोष्ट. तिसरीचं वाचन दोन वर्षांत सावरलं, आणि तिसरीला नापास करणारी परीक्षा नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारतमुळे पायाभूत वाचन-गणिताकडे लक्ष वळलं, त्याचा काही वाटा त्यात असेल. धाकाचा नव्हता, एवढं नक्की.

मग मी परीक्षाच नकोत म्हणणाऱ्यांत गेले का? नाही. त्यांच्या सभेतही मला बोलवू नये. मूल्यमापन नको, मुलं फुलासारखी उमलू द्या, असं म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात हे विचारण्याची माझी खोड गेलेली नाही. २०१० नंतर ज्या प्रकारे वर्णनात्मक नोंदींचा खेळ झाला, त्याबद्दलचा माझा राग तसाच आहे. मला परीक्षा हवी आहे. मात्र ती जूनमध्ये हवी, तोंडी हवी, एकेका मुलाला जवळ घेऊन हवी, आणि तिच्या निकालाने मुलाचं नव्हे तर माझं वेळापत्रक बदलायला हवं. वर्षाअखेरची परीक्षा मला मूल कुठे अडलं ते सांगते, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते.

आणि जे जमलं नाही तेही सांगायला हवं. पहिल्या तासिकेचे गट दिवाळीपर्यंत चांगले चालतात. त्यानंतर तोडीला जाणाऱ्यांच्या जागा रिकाम्या होतात. हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबांपाशी राहिलेली मुलं टिकतात. जी गेली, ती मार्चमध्ये येतात तेव्हा पुष्कळदा पुन्हा शब्दावरून सुरुवात करावी लागते. काही मुलं सगळं करूनही अक्षरापाशीच राहतात. त्यांना अध्ययन अक्षमता आहे की काय हे तपासायला नगरला जावं लागतं, आणि बापाची दोन दिवसांची हजेरी बुडते म्हणून कुणी जात नाही. शिवाय माझी तासिका कुठून आली? चित्रकला आणि कार्यानुभवातून कापून. चित्रकलेचे सर माझ्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. कबड्डीवाल्याला भागाकार यायच्या आधी चित्रं छान काढता यायची.

आमच्या शाळेत माझ्याच विषयाचे एक सर आहेत, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. ते अजून नापासाच्या बाजूने ठाम आहेत. माझे जुने मुद्दे मलाच ऐकवतात, आणि माझ्यापेक्षा चांगले मांडतात. परवा ते म्हणाले, “ठीक आहे मॅडम, पाचवीत नापास करायचं नाही, आठवीत नाही. दहावीचं बोर्ड तर करणारच. तेव्हा तुमचा गठ्ठे सोडून शिकलेला पोरगा त्रिकोणमितीत काय करेल?” पाचवी ते सातवी रोज एक तासिका देऊनही पाचवीत शब्दावर असलेलं मूल दहावीच्या त्रिकोणमितीपर्यंत पोचतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कबड्डीवाला मुलगा आमच्या शाळेतून दहावीला बसला, गणितात सवलतीच्या गुणांनी सुटला आणि आता आयटीआयला फिटरला आहे. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे सुटलाच ना शेवटी, सवलतीने. यावर आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. येत्या जूनमध्ये त्यांनी सहावीचा एक गट घ्यावा असा माझा आग्रह आहे. ते म्हणतात घेतो, पण वर्षाअखेर लेखी परीक्षा घ्यायची आणि गुण फळ्यावर लावायचे. घ्या म्हटलं.